अख्खी पट्टी

भुताचा फोटो काढायचा तर भर दुपारी बारा वाजता काढावा, असं आमच्या अमरावतीच्या घरमालकांचं ठाम मत होतं. "रात्री काय, रात्री वाळत घातलेला सदराबी भूतच दिसते. उनात सापडलं, तं खरं." मी खोली बघायला गेले होते. पंखा आहे का, नळ किती वाजता येतो, आईवडील राहायला आले तर चालेल का, असले माझे प्रश्न होते. त्यांची उत्तरं त्यांनी एकेका शब्दात उरकली आणि मग भुताला कोणता उजेड मानवतो हे मला बराच वेळ समजावून सांगितलं. मी मूळची अकोल्याची, एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला नुकतीच लागलेली. अमरावतीत घरमालक एक तर खवट भेटतो नाहीतर चौकस, हे मी ऐकून होते. हे तिसरंच काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन वरच्या खोलीत राहायला आले.

ते कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. मी मात्र काका म्हणायला लागले, कारण त्यांची बायको दोन दिवसांत माझी काकू झाली होती, आणि काकूंचा नवरा सर कसा असेल?

मे महिन्यात अमरावतीत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळी गल्ली दारं लावून कूलरपुढे पडलेली असायची. तेवढ्यात खाली फाटक वाजायचं. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा, गळ्यात जुना रोलचा कॅमेरा आणि खांद्यावर काळी पिशवी, असे काका निघालेले असायचे. काकू आतून ओरडायच्या, "ऊन लागन ना तुमाले." काका म्हणायचे, "लागू दे." हा संवाद मी त्या घरात इतक्यांदा ऐकला, की एखाद दिवशी तो झाला नाही तर मी खिडकीतून वाकून बघायचे.

रोल ते फ्रीजमध्ये ठेवायचे. उन्हानं रोल खराब होतो म्हणून दह्याच्या शेजारी एक तुरीच्या डाळीचा डबा होता आणि त्यात डाळ सोडून सगळं होतं. काकूंची त्यावरची तक्रार ठरलेली. "माह्या फ्रीजमधे भाजीले जागा नाई, अन् भुतायले हाय."

बाहेरच्या लोकांना वाटे, की काका भुतांचे फोटो काढतात. खरं तर त्यांच्याकडे भुताचा एकही फोटो नव्हता. वीसेक वर्षं ते वऱ्हाडभर फिरले होते आणि त्यांनी काय आणलं होतं, तर रिकाम्या खोल्या, रिकामे वाडे, रिकाम्या विहिरी, एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आणि सेमाडोहकडच्या रस्त्यावरचं एक निष्पाप मोहाचं झाड. लोकांना त्यांचा उपयोग नेमका यासाठीच होता. एखाद्या घरात भूत आहे अशी बोंब उठली, की तिथं भाडेकरू येत नाही, सोयरीक जुळत नाही, गवंडी कामाला येत नाही. मग घरवाला काकांकडे यायचा. काका नवा रोल घेऊन जायचे, दुपारी बाराला सुरुवात करायचे आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो त्या जागेचे काढायचे. रोल धुऊन झाला, की त्याची अख्खी पट्टी, मध्ये कुठंही न कापता, चार लोकांसमोर घरवाल्याच्या हातात द्यायचे. "पाहून घ्या. छत्तीस आहेत. मधातून कुठी कापली नाई." घरवाला ती पट्टी खिडकीशी धरून गावाला दाखवायचा. भूत नसल्याचा त्याहून मोठा दाखला आमच्याकडे नव्हता.

यावरून कोणाला वाटेल, की काका बुद्धिवादी होते. अजिबात नाही. भुतं आहेत यावर त्यांचा एवढा विश्वास होता, की तेवढा माझा इतिहासावरही नसेल. दाखला देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "भूत हाय. फक्त इथं नाई." घरवाल्याला पहिल्या वाक्यानं घाम फुटायचा आणि दुसऱ्यानं सुटल्यासारखं वाटायचं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती, शेतकरी जीव देत होते. सरकारी पांढऱ्या गाड्या गावागावांत धूळ उडवत फिरत. पॅकेज हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी बसला होता. कुणी सुरतेला गेलं, कुणी पुण्याला, आणि मागे घरांना कुलपं लागली. कुलूप लागलेल्या घरात भूत शिरायला वेळ लागत नाही. त्यामुळे काकांना त्या काळात उसंत नव्हती. एका रविवारी बार्शीटाकळीकडची दोन घरं उरकून ते लालबुंद होऊन आले आणि म्हणाले, "माणसं निघून गेली, पोरी. लोक त्यालेच भूत म्हणून राहिले."

याच सुमारास दिवाळीला पुण्याचे जावई त्यांच्यासाठी डिजिटल कॅमेरा घेऊन आले. जावई समजावून सांगत होते, की बाबा, यात रोल लागत नाही, धुवायला लागत नाही, फोटो तिथल्या तिथं दिसतो, अंधारातही येतो. काकांनी सगळं नीट ऐकलं. ते नव्याला नाक मुरडणारे नव्हते, फिजिक्सचे होते. त्यांनी महिनाभर दोन्ही कॅमेरे दोन खांद्यांवर वागवले. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या ओस फलाटावर भर दुपारी उभं राहून एका जागेचा एक फोटो रोलवर आणि एक डिजिटलवर, असे काढत गेले. फलाटावरच्या चहावाल्यानं मला नंतर विचारलं होतं, की हे साहेब रेल्वे विकत घेऊन राहिले काय.

निकाल त्यांनी जेवताना जाहीर केला. फोटो डिजिटलचे जास्त चांगले येत होते, ते त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं. मग कॅमेऱ्याच्या पाठीवरचं एक बटण मला दाखवलं. त्यावर कचऱ्याच्या डब्याचं बारीक चित्र होतं.

"हे पाह्य. ह्याच्यात कचऱ्याचा डबा हाय."

"म्हणजे नको असलेला फोटो पुसता येतो, काका. चांगलंच आहे की."

"तुह्यासाठी चांगलं हाय. भूत हाय हे सांगाले एक फोटो पुरते. नाई हे सांगाले छत्तीसच्या छत्तीस लागते. ज्याच्यात पुसता येते, त्याच्यात 'नाई' सांगताच येत नाई. लोक म्हणतीन, होतं ते पुसलं."

मी इतिहासाची. मला हे आधी सुचायला हवं होतं. पण मी भाजी वाढून घेतली आणि म्हटलं, की मग जावयांना काय सांगायचं? काकू म्हणाल्या, "सांगा का डबा चांगला हाय." तेव्हापासून आमच्या घरात त्या कॅमेऱ्याचं नाव डबा पडलं आणि तो फ्रीजवर बसला.

रोल धुवायला काका अकोल्याला जात. अमरावतीत स्टुडिओ काय कमी होते? पण सगळे स्टुडिओवाले धुतलेल्या रोलचे सवयीनं तुकडे करून पाकिटात घालून देतात. एकदा एका पोराच्या कात्रीनं काकांचा अख्खा पुरावा असाच तुकडे होऊन आला. तेव्हापासून त्यांचा भरवसा फक्त अकोल्याच्या रशीदभाईंवर. रशीदभाईंचं दुकान बापापासूनचं. पुढे लग्नाच्या अल्बमचा कॉम्प्युटर आला होता, तरी मागची अंधारी खोली त्यांनी मोडली नव्हती. "अब रोल कौन धुलवाता है, सर? एक तुम्ही, दुसरे भी तुम्हीच," असं म्हणत ते काकांचा रोल घेत आणि कात्री समोरून उचलून ड्रॉवरमध्ये टाकत. काकांच्या समाधानासाठी.

एवढं असूनही काकांनी काकूंचा फोटो कधी काढला नव्हता. जिवंत माणसाचा फोटो काढण्यात त्यांना गंमतच वाटत नसावी. लग्नातल्या फोटोत काकूंचा चेहरा मुंडावळ्यांत आणि शेल्यात झाकलेला. काकू पांढरं, बारीक काठाचं सुती पातळ नेसायच्या. रंग तापतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बायका मागून बोलायच्या, की नवरा जिवंत बसलाय अन् ही पांढरं नेसते. काकू म्हणायच्या, "नवऱ्यालेच इचारा, मी कोणत्या रंगाचं नेसते ते. सांगता यायचं नाई." एका सकाळी असंच काही झालं आणि काकू जिन्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागे जिन्याचा अंधार, पुढे ऊन. एक हात कमरेवर. "काढा. आत्ताच्या आत्ता काढा. भुताचे काढता, बायकोचा एक काढा."

काकांनी कॅमेरा आणला. मग उजेड मोजला, मग काच पुसली, मग एक पाऊल मागे, मग दोन पुढे. काकूंचा चेहरा होता त्याहून रागीट होत गेला. शेवटी एकदाचं बटण दाबलं. मी वरच्या पायरीवरून टाळ्या वाजवल्या. एकच फोटो काढला आणि रोल परत गुंडाळून ठेवून दिला. रोल वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, उरलेला पुढे कधीतरी घरगुती कामाला येईल म्हणून. आणि ठेवला कुठं, तर डाळीच्या डब्यात.

वच्छलाबाई आली ती भादवा संपता संपता. मूर्तिजापूरच्या अलीकडे तिची झेंडूची बाग होती. नवरा काविळीनं गेलेला, पोरगी सासरी, आणि ही एकटी फुलं पिकवून मूर्तिजापूर-अकोल्याच्या बाजारात घालायची. आमच्या ओट्यावर बसली आणि पाणी पिऊन झाल्यावर थेट म्हणाली, "सर, माह्या हिरीवर चुडैल हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"तोडाले येणाऱ्या बाया. एकीनं धुक्यात पाह्यली म्हणे पांढऱ्या पातळात. आता एकबी येत नाई. दसरा तोंडावर हाय. झेंडू दसऱ्याले गेला तं सोनं, नाईतं ढोरायले."

त्या विहिरीत फार पूर्वी कुणी बाई पडली होती म्हणे. कोण, कधी, काहून, हे गावात एकालाही सांगता येत नव्हतं. पातळ पांढरं होतं हे मात्र सगळ्यांना पाठ होतं.

काकांनी रोलबद्दल, पट्टीबद्दल तिला सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं उघड्या दारातून आत, फ्रीजवरच्या डब्याकडे बोट केलं. "तसा घेऊन आलते एक जण. मुंबईचे पेपरवाले. मी इधवा म्हणून माहा फोटो घेतला, हिरीजोळ उभं करून. मी हासली. कोणी फोटो काढला का हासाव लागते, मले वाटलं. तं त्यानं कॅमेऱ्याच्या मागं पाह्यलं अन् म्हणते, हसू नका बाई, पुसतो हा, पुन्हा काढू." पदर सारखा करत तिनं विचारलं, "सर, पुसलं म्हंजे माहं हासू गेलं कुठी?"

काका फिजिक्सचे माणूस. "रविवारी येतो," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी मला अकोल्याला घरी जायचंच होतं, म्हणून मीही गेले. बाग बघून डोळे निवले. पिवळा आणि केशरी, दोन्ही झेंडू कमरेइतका आणि मध्ये ती काळी दगडी विहीर, निंबाच्या सावलीत. बांधावर तोडणाऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन ओळीनं उभ्या. त्यांची म्होरकी एक ठेंगणी, धीट बाई होती. चुडैल तिनंच पाहिली होती. बाराला काकांनी पहिला फोटो विहिरीचा काढला आणि मग बागेला फेरी घालत एकेक करत रोल संपवला. बाया बांधावरून हलल्या नाहीत.

पट्टी दोन्ही बाजूंसमोर उघडायची हा नियम. त्यामुळे त्याच दुपारी काका, मी, वच्छलाबाई आणि ती म्होरकी असे चौघं पॅसेंजरनं अकोल्याला रशीदभाईंच्या दुकानात पोचलो. बाया बाकावर बसल्या. रशीदभाई रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं दार किलकिलं करून त्यांनी काकांना आत बोलावलं. मीही मागोमाग शिरले.

पट्टी तारेला टांगलेली, ओली. रशीदभाई हळू आवाजात बोलत होते. "सर, पहिल्या फोटोत कोणीतरी आहे. औरत आहे." पट्टीवर उजेड काळा दिसतो आणि काळोख उजळ. पहिल्याच चौकटीत विहिरीवर एक काळी बाई उभी होती. काका पट्टीच्या अगदी जवळ गेले.

"बाहेर ती फुलवाली बसली आहे," रशीदभाई म्हणाले. "बरबाद हो जायेगी बेचारी. पहिलाच फोटो आहे, सर. टोकाचा. एवढासा कापतो, कोणाला समजणार नाही. ओरिजिनल टुकड़ा तुम्ही घेऊन जा. तुमचं पण काम झालं, तिचं पण." आणि त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढून टेबलावर ठेवली. रशीदभाई भला माणूस होता. त्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

"नाही," काका म्हणाले. "आज कापली, तं आजवरच्या साऱ्या पट्ट्या खोट्या. प्रिंट काढा. साऱ्यायसमोर पाहू."

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आता कोणाची बाग जळो की राहो, असं त्यांचं झालंय, असं मला वाटलं. प्रिंट बाहेर आली. निंब, विहीर, झेंडू, आणि विहिरीपुढे पांढऱ्या पातळातली एक बाई. तिच्या अंगातून आरपार फुलं दिसत होती. म्होरकीनं "पाह्यलं?" एवढंच म्हटलं.  वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला आणि भिंतीकडे पाहत बसली.

काकांनी खिशातून भिंग काढलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की त्या चेहऱ्याचाच फोटो काढावा. भिंग विहिरीवरून सरकत बाईपर्यंत आलं. पातळावर आलं. कमरेवरच्या हातावर आलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. त्यांना काय दिसलं ते मला कळेना.

"हे भूत नाही," ते म्हणाले. "माही बायको हाय."

मी प्रिंट ओढून घेतली. तो हात, तो राग! जिन्याच्या दारातला तो रोल नवा समजून काकांनी पुन्हा कॅमेऱ्यात घातला होता. पहिल्या चौकटीत काकू आधीच उभ्या होत्या, त्यांच्यावर विहीर येऊन बसली. मागे जिन्याचा अंधार असल्यामुळे नुसत्या काकू तेवढ्या उमटल्या होत्या. मला हसू आवरेना. रशीदभाई तर खुर्चीत बसून डोळे पुसायला लागले. "डिजिटल होता तो भाभी यहाँ कैसे आती," म्हणत.

पण म्होरकी हसली नाही. ती काकांना समजुतीनं म्हणाली, "सर, तुमी देवमाणूस. ह्या बाईसाठी खोटं बोलून राहिले, समजते आमाले. पण पोरीबाळी घेऊन आमी त्या बागेत नाई जात." काकांनी रोल, चौकट, उजेड, सगळं समजावून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी बीएस्सीच्या वर्गांना प्रकाश शिकवला होता. या एका बाईपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांनीच तर वऱ्हाडाला शिकवलं होतं, की पट्टीवर जे आहे ते आहे.

अमरावतीला परतल्यावर खरा स्फोट झाला. "साऱ्या जन्मात एक फोटो काढला माहा," काकू म्हणाल्या, "अन् तोबी कोनाच्या हिरीवर नेऊन उभा केला. अन् आता गाव मले चुडैल म्हणते." त्या रात्री काका फक्त वरण-भात जेवले. पण वच्छलाबाईचं काय होणार, हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ते पातळ धुवाले टाकलं का? काढून ठेव, पोरी. तेच नेसाव लागन."

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. रात्रीच फोनवरून निरोप धाडला होता, त्यामुळे वच्छलाबाईनं गावातून बाया गोळा केल्या होत्या. त्या बांधावरच थांबल्या. काकू झेंडूतून सरळ चालत विहिरीपाशी गेल्या, वळल्या आणि एक हात कमरेवर ठेवला. राग त्यांना आणावा लागला नाही. म्होरकीच्या हातात प्रिंट होती. ती एकदा प्रिंटकडे बघे, एकदा विहिरीकडे.

"पाहून घ्या," काकू म्हणाल्या. "मीच हावो ते. अन् हे पाय पाहा, सरळ आहेत का उलटे." त्यांनी पातळ घोट्यापर्यंत उचलून धरलं. "चुडैलीच्या पायाले भेगा रायतात काय? अन् धुक्यात पाह्यली म्हणता, तं त्या रोजी मी माह्या घरी भाकरी करत होती. सरायले इचारा. त्यायनं त्या खाल्ल्या आहेत."

बांधावर कोणीतरी फिसकन हसलं. काकूंनी वाट पाहिली नाही. ओचा खोचला आणि तोडायला सुरुवात केली. तोडायचं त्यांना येत नव्हतं, देठ मोठे ठेवत होत्या. ते काही म्होरकीला बघवेना. "अवो बाई, तसं नाई. बोटानं मोड," म्हणत ती बागेत शिरली आणि तिच्या मागून एकेक करत सगळ्या. दुपारपर्यंत टोपल्या भरल्या. वच्छलाबाईचा दसरा वाचला.

निघताना काकूंनी नवऱ्याला फर्मावलं, "तिचा काढा एक. हासताना काढा." काकांनी रोलवर काढला. वच्छलाबाई आधी ओठ मिटून उभी राहिली, मग तिला सांगावं लागलं, की हा पुसता येत नाही. तेव्हा ती हसली. मी काकूंना म्हटलं, तुमचाही होऊन जाऊ द्या. "माहा झाला एक," म्हणाल्या. "जिंदगीभर पुरन."

परतीच्या एसटीत मी काकांना विचारलं, की रशीदभाईंनी कापायला सांगितलं तेव्हा मोह नाही झाला? आणि ओळखल्यावर गप्प बसायचा? काका खिडकीबाहेर कपाशी बघत होते. "भूत हाय," ते म्हणाले. "फक्त इथं नाई." शेजारी काकू झोपल्या होत्या, पातळाला झेंडूचा पिवळा डाग पडलेला.

पुढे मला अकोल्यात नोकरी मिळाली आणि मी ते घर सोडलं. लग्न, मुलं, यात अमरावती शंभर किलोमीटरवर असून लांब गेली. काकू गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मे महिन्यात मी भेटायला गेले. फाटक तसंच वाजलं.

दर्शनी भिंतीवर काकूंचा फोटो होता, तोच. मागे विहीर, आणि पोटातून झेंडू. जावयांनी रशीदभाईंना गाठून विचारलं होतं, की विहीर-बिहीर पुसून मागे साधा निळा रंग घालता येईल का. कॉम्प्युटरवर ते मिनिटाचं काम होतं. काकांनी हात लावू दिला नाही. फोटोला झेंडूचा हार होता, वाळत आलेला. तो वच्छलाबाई पाठवते, असं काकांनी सांगितलं.

मी चहाला दूध काढायला फ्रीज उघडला. आत भाजीला भरपूर जागा होती. डाळीचा डबा तेवढा जागेवर होता. काका मागून आले, डब्यातून एक पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "उजेडाकडे धर."

मी खिडकीशी धरली. जिन्याचं दार. पुन्हा जिन्याचं दार. पट्टीवर अंधार उजळ दिसतो. टोकापासून टोकापर्यंत छत्तीस उजळ दारं होती आणि त्यांच्यात कुठंही काळं काहीच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका वाट बघत उभे होते, वर्गात पोरांच्या उत्तराची बघावी तशी.

"मधातून कुठी कापली नाई," ते म्हणाले. "हे पयलीच नाई, डब्यात अजून आहेत. भूत हाय."

मी त्यांच्या पुढच्या वाक्यासाठी थांबले. ते त्यांनी म्हटलं नाही.

"काका, रोल आता मिळतात तरी कुठं?"

"रशीदभाईनं ठेवले माह्यासाठी थोडेसे. मुदत गेलेले. चालते."

"ते संपल्यावर? तो जावयांचा कॅमेरा आहे ना वर. त्यावर काढा की. हवे तितके काढता येतील."

काकांनी फ्रीजवरच्या डब्याकडे पाहिलं. धूळ बसली होती. "त्याच्यात ती नाई आली, पोरी," ते म्हणाले, "तं मले वाटत राहीन का माह्याच बोटानं पुसल्या गेली."

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि खुंटीवरचा दुपट्टा घेतला. घरातल्या घरात, पण सवयीनं तो डोक्याला गुंडाळला. बारा वाजत आले होते. कॅमेरा जिन्याच्या दारासमोर ट्रायपॉडवर आधीच लावून ठेवला होता. मला वरची माझी जुनी खोली बघायची होती. मी जिन्याकडे गेले नाही. चहाचा कप घेऊन मागच्या दारानं अंगणात उतरले आणि काकांचा रोल संपेपर्यंत तिथंच उन्हात उभी राहिले.